दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकच प्रश्न विचारतात: प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज की निन्टेन्डो स्विच २? अठरा वर्षं मी कन्सोल, म्हणजे ही व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं, उघडून दुरुस्त करते आहे. कुठलं यंत्र किती ताकदीचं, यापेक्षा ते घरात कसं वापरलं गेलं हे मला जास्त दिसतं, आणि उत्तरंही मी तिथूनच देणार आहे. चार पत्रं निवडली आहेत.

ताई, घरात एकच कन्सोल घ्यायचं ठरलंय. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला स्पायडरमॅनसाठी प्लेस्टेशन हवा. मुलगी सात वर्षांची, तिला मारिओ हवा. यांचे ऑफिसातले मित्र म्हणतात, ताकद बघा आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या. आमचा टीव्ही जुना, साधा फुल एचडी आहे. रोज घरात वाद होतोय. – एक आई

आधी ताकदीचा मुद्दा बाजूला काढू. सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा (हे चित्रं काढणाऱ्या चिपच्या वेगाचं माप) आणि प्लेस्टेशन ५ सव्वादहाच्या आसपासचा, हे खरं आहे. पण दोन्हींत एएमडीचाच आठ कोअरचा प्रोसेसर आहे आणि दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे. तुमच्या फुल एचडी टीव्हीवर एकच गेम दोन्हींवर लावला, तर कुठला कशावर चालू आहे हे मलाही सांगता येणार नाही. म्हणून त्या मित्रांचा सल्ला तुमच्या घरापुरता सोडून द्या.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. दुसरा कंट्रोलर कोण धरणार?

काही वर्षांपूर्वी एक बाबा कन्सोल घेऊन आले. पोर्टमध्ये केबल बसत नव्हती, आतल्या पिना वाकल्या होत्या. धाकटीने रागाने केबल उपटली होती. मी विचारलं, कंट्रोलर किती आहेत? एकच. गेम किती? चार, आणि चारही एकट्याने खेळायचे. वर्षभर ती मुलगी दादाच्या शेजारी बसून नुसती बघत होती. पोर्ट मी बदलून दिलं, पण जाताना त्यांना सांगितलं की आज घरी जाताना दुसरा कंट्रोलर आणि दोघांनी मिळून खेळायचा एखादा गेम घेऊन जा. ते पोर्ट पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

तुमच्या घरासाठी म्हणूनच मी स्विच २ म्हणेन. त्याच्या खोक्यात जॉय-कॉन २ या छोट्या कंट्रोलरची जोडी येते आणि त्या जोडीतला एकेक तुकडा एकेका हातात देऊन पहिल्या संध्याकाळपासूनच दोघांना खेळता येतं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या खोक्यात एकच कंट्रोलर असतो. मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये स्मार्ट स्टीअरिंग नावाची सोय आहे, ती चालू ठेवली की गाडी रस्त्याबाहेर जात नाही. सात वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या भावासोबत शर्यत पूर्ण करते आणि त्यालाही मुद्दाम हरावं लागत नाही. मोठ्यांना टीव्ही हवा असला की यंत्र डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खाचेतून, उचलायचं आणि त्याच्याच ७.९ इंची पडद्यावर पुढे चालू.

त्यात उणं काय ते लपवत नाही. स्पायडरमॅन त्यावर नाही. बॅटरी गेमनुसार दोन तासांतही संपते. मेमरी कार्ड घ्याल तर ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ असं लिहिलेलंच घ्या, जुन्या कार्डावर या यंत्राचे गेम चालत नाहीत. काही खोक्यांवर ‘गेम-की कार्ड’ छापलेलं असतं. अशा कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते. पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. भेट म्हणून आणाल आणि मुलं तासभर डाउनलोडची पट्टी बघत बसतील, म्हणून आधी सांगून ठेवते.

मुलाला मात्र डावलू नका, त्याला कारण सांगा. आणि एक गोष्ट त्याच्यासोबत बसून बघा. स्पायडरमॅन २ ला अमेरिकेतल्या ईएसआरबीने ‘टीन’, म्हणजे तेरा वर्षं आणि पुढे, अशी श्रेणी दिली आहे. युरोपातल्या पेगीने तर १६. तुमचा मुलगा बाराच वर्षांचा आहे. त्याचे मित्र संध्याकाळी काय खेळतात तेही विचारा. फोर्टनाइट किंवा माइनक्राफ्ट असेल तर ते दोन्ही स्विचवर आहेत आणि प्लेस्टेशनवाल्या मित्रांसोबत खेळता येतात. त्याचं मन अर्धंअधिक तिथेच वळेल.

एवढं करूनही प्लेस्टेशनच घ्यायचा ठरला, तर दुसरा कंट्रोलर त्याच दिवशी घ्या आणि सोबत सॅकबॉय: अ बिग अ‍ॅडव्हेंचर. चार जणांपर्यंत एका टीव्हीसमोर बसून खेळता येणारा तो गोड गेम आहे. हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

ताई, मी वसतिगृहात राहतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे. एक्सबॉक्स सिरीज एस छोटा आहे आणि गेम पासच्या वर्गणीत शेकडो गेम मिळतात, म्हणून तोच घ्यायचं ठरवलंय. फक्त नेट जरा हळू आहे, १० एमबीपीएस. चालेल ना? – एक विद्यार्थी

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आधी लिहायला हवं होतंस. १०० जीबीचा गेम १० एमबीपीएसवर उतरवायला, वेग एकदाही खाली आला नाही असं धरलं, तरी साधारण २२ तास लागतात. आणि ते नेट तुझ्या एकट्याचं नाही.

सिरीज एस वाईट यंत्र आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. तुझ्या मॉनिटरला तो पुरून उरेल. पण त्याला डिस्क ड्राइव्ह नाही, प्रत्येक गेम नेटवरूनच येणार. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये प्रत्यक्ष वापरायला मिळतात ३६४ जीबीच्या आसपास, म्हणजे मोठे तीन-चार गेम. नवा गेम घ्यायला जुना काढायचा आणि तो पुन्हा हवा झाला की पुन्हा २२ तास. यूएसबी ड्राइव्ह जोडलास तर या पिढीचे गेम त्यावर ठेवता येतात, पण तिथून चालवता येत नाहीत, आत हलवावे लागतात. निदान एवढं लक्षात ठेव: आवडता गेम काढून टाकण्याऐवजी ड्राइव्हवर हलव, पुन्हा डाउनलोड वाचेल.

गेम पासबद्दलही नीट समजून घे. ते भाड्याने वाचायला आणलेल्या पुस्तकांसारखं आहे. वर्गणी थांबली की कपाट बंद, आणि काही गेम वर्गणी चालू असतानाही यादीतून निघून जातात. ज्याला दर आठवड्याला नवं काही चाखून बघायचं असतं आणि ज्याचं नेट धावतं, त्याच्यासाठी ती उत्तम सोय आहे. तुझं नेट रांगतं आहे.

तू डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ बघ. डिस्कवर गेमचा बराचसा भाग असतो, नेटवरून बहुधा अपडेट तेवढे येतात. शिवाय वसतिगृहात डिस्क हातोहात फिरते. पाच जणांनी एकेक घेतली तर पाचांचे पाच गेम होतात. मॉनिटरला स्पीकर नसले तरी अडत नाही, कंट्रोलरलाच हेडफोनची जागा आहे आणि शेजारच्या पलंगावरचा झोपू शकतो. यंत्र मात्र पलंगाखाली ठेवू नकोस. तिथली धूळ आणि गादीची कापसाची तुसं पंख्यात गुंडाळली जातात, ती मी चिमट्याने रोज काढते.

ताई, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. नातू दूर राहतो, त्याच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. फोनवर दोन मिनिटांत त्याचं बोलणं संपतं, पण गेमबद्दल तो तासभर बोलतो. त्याच्याबरोबर खेळायला शिकावं म्हणतो. माझ्या उजव्या हाताची बोटं संधिवाताने आखडतात. नवशिक्याला प्लेस्टेशन सोपा पडतो असं ऐकलं. काय घेऊ? – एक आजोबा

आजोबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही एक्सबॉक्सच घ्या, नातवाकडे आहे तोच सिरीज एस.

कुठला सोपा हा प्रश्नच इथे येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती फक्त काही गेममध्ये, प्रत्येक वेळी ते तपासत बसावं लागतं. यंत्र सारखं असलं की ती कटकट जाते. आणि मोठा फायदा असा की तुमच्या पडद्यावर जे दिसतं तेच त्याच्या पडद्यावर असतं. ‘आजोबा, आता हिरवं ए दाबा,’ असं तो फोनवरून सांगू शकेल. दोन मिनिटांत संपणारं बोलणं तिथेच लांबेल.

बोटांसाठी दोन उपाय आहेत. पहिला मोफत आहे: एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज नावाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बटणांची कामं बदलता येतात. उजव्या हाताचं जे बटण दाबताना दुखतं, त्याचं काम डावीकडे द्या. त्याने भागलं नाही तर २०१८ पासून एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर मिळतो. त्यावर तळहाताने दाबता येतील अशी दोन मोठी बटणं असतात आणि मागे १९ छिद्रं. त्यांत पायाने दाबायचं पेडल, मोठं बटण, काठी, जे जमेल ते जोडायचं. माझ्या टेबलावर असा एक आला होता, त्याच्या मालकीण बाई कोपराने गाडी चालवत. (प्लेस्टेशनसाठीही डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅक्सेस कंट्रोलर आला, चांगला आहे, पण तुमचा नातू तिकडे नाही.)

सुरुवात माइनक्राफ्टने करा. त्याला सांगा, ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात जग तयार कर. तिथे कोणी मारत नाही, घाई नसते, दोघांनी मिळून घर बांधायचं. ऑनलाइन एकत्र खेळायला दोघांकडेही गेम पासची वर्गणी लागेल, हे त्याच्या आईबाबांशी आधी बोलून घ्या. हात जरा बसला की फोर्झा होरायझन ५ लावा. एकट्याने सराव करताना त्यात खेळाचा वेग कमी करता येतो, ब्रेक आणि स्टीअरिंगलाही मदत घेता येते.

आणि सुट्टीत तो तुमच्याकडे आला की सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर असिस्ट’ शोधायला सांगा. त्याने दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतो. गाडी तुम्ही वळवायची, वेग त्याने सांभाळायचा. जमलं की मला जरूर कळवा.

ताई, पुढची पिढी येईपर्यंत थांबू का? माझा पीएस४ (प्लेस्टेशन ४) अजून चालतोय. – एक वाचक

तुमच्याकडे न खेळलेले गेम पडून असतील तर खुशाल थांबा. नसतील तर थांबू नका. पीएस४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला आणि पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये, तरी त्यानंतर दोन वर्षांनी आलेला गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक पीएस४ वरही निघाला. नवी पिढी आली की जुनी त्याच दिवशी संपत नाही, आणि नव्याचे खास गेम साठायला वेळ लागतो.

तुमच्या पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पीएस५ वर चालतात, मात्र ड्राइव्ह असेल तरच. डिजिटल एडिशन आणि पीएस५ प्रो, दोन्हींत ड्राइव्ह नसतो. नव्या सडपातळ डिजिटल मॉडेलला आणि प्रोला तो वेगळा घेऊन बसवता येतो, पण बसवल्यावर पहिल्यांदा इंटरनेट जोडावं लागतं. घेण्याआधी कपाटातल्या डिस्क मोजा.