भोवळ, मीठ आणि पावसाळ्याची बेगमी

ताई, तुमच्या आईचं वय 66, मुक्काम वेंगुर्ल्याजवळ. वर्षातून चार-पाच वेळा घर गरगर फिरतं, दोन-दोन तास थांबत नाही, उलट्या होतात, त्याआधी डाव्या कानात दडे बसून आवाज येतो. डॉक्टरांनी मेनिएरचा आजार सांगितला आणि जाताजाता ‘मीठ कमी करा’ म्हणाले. आता आई म्हणते, “मीठ नाय तर जेवणाक काय चव?” आणि तुम्ही मुंबईत बसून काळजी करताय. हाच आजार मला 9 वर्षं आहे आणि मी मालवणच्या बाजूला राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खात्री करून घ्या. प्रत्येक भोवळ मिठाने येत नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना अर्धा-एक मिनिट गरगरत असेल, तर तो कानातल्या सूक्ष्म खड्यांचा प्रकार असू शकतो. त्यावर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून उपचार करतात, तिथे मीठ सोडल्याने काही फरक पडत नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवं झोपून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजायला सांगा. अशा माणसाचं मीठ तोडलं तर उलट त्रास वाढू शकतो. आणि भोवळीबरोबर जीभ जड झाली, एक हात-पाय लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर काहीही घरगुती न करता ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठायचं.

तुम्ही लिहिलेली लक्षणं मात्र माझ्यासारखीच आहेत. या आजारात आतल्या कानातल्या एका द्रवाचा फुगवटा होतो. शरीरात सोडियम कमी राहिलं की तो आटोक्यात राहतो, असं डॉक्टर मानतात. यावर ठोस चाचण्या फारशा झालेल्या नाहीत, हेही खरं, म्हणून हमी कोणी देणार नाही. पण कमी मिठाने बीपी उतरतं याबद्दल दुमत नाही, आणि 66व्या वर्षी तोही फायदा लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून सपाट चहाचा चमचाभर. त्यात 2 ग्रॅम सोडियम असतं.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी आमटीतलं मीठ अर्धं केलं आणि तरीही भोवळ येतच राहिली. मग तारखा वहीत लिहायला लागले. दोन वर्षांत आठ झटके, त्यातले सहा आषाढ-श्रावणातले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजं मासं नाही, म्हणून आम्ही बेगमीवर जगत होतो: खारा बांगडा, मिठातल्या कैऱ्या, लोणचं, पापड, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) सोलकढी. माझं मीठ आमटीच्या टोपात नव्हतंच, ते फडताळातल्या बरण्यांत होतं. तुमच्या आईकडेही पहिल्यांदा बरण्याच बघा.

खारा बांगडा मी पूर्ण सोडला. पण सुकं म्हणजे सगळं खारं असं नाही. सुके बोंबील आणि जवळा बहुतेक ठिकाणी नुसत्या उन्हात वाळवतात. घेताना मासेविक्रीणबाईला सरळ विचारायचं, “मीठ लावलंय की नुसतं उन्हातलं?” आणि तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. घरी आणल्यावर गरम पाण्यातून दोनदा काढायचं. आगळ मिठाशिवाय टिकत नाही, त्यामुळे आगळाच्या सोलकढीत वरून चिमूटही घालायची नाही. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, त्यातही सोडियमच. ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घ्यायच्या पुड्यांतही ते असतं, आणि आपली म्हातारी माणसं त्या सर्रास घेतात. सैंधव घेतलं म्हणून काही वाचत नाही, तेही मीठच.

बरण्यांनंतर रोजचं माप. दिवसाला माणशी 5 ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घरात किलोची पिशवी 50 दिवस जायला हवी. आमच्याकडे ती 25 दिवसांत संपायची! भाकरीच्या पिठातलं मीठ पहिलं बंद केलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग पेजेत वरून घ्यायचं. मिठाची वाटी ताटाजवळून उचलली, तेव्हा मात्र घरात आठ दिवस कुरकुर झाली. शिरोड्याला मिठासाठी 1930 साली लोकांनी सत्याग्रह केला, त्या मुलखातली माणसं आपण. मिठाचा मान आपल्या हाडात आहे, म्हणून आईवर चिडू नका. तीनेक आठवडे धीर धरा, जीभ बदलते. आज मला बाहेरची आमटी खारट लागते.

चव आंबट-तिखटातून आणायची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून, ओली हळद, आलं, मिरची आणि खोबरं सढळ घातलं की मीठ निम्मं पुरतं. तळायच्या तुकड्यांना आधी लिंबू आणि आलं-लसूण चोळा, मीठ शेवटी चिमूटभर. आणि रोज सारखंच ठेवा. चार दिवस अळणी आणि पाचव्या दिवशी लग्नाचं जेवण, हा चढउतार मला सगळ्यात जास्त बाधतो.

माझी एक चूक तुमच्याकडून होऊ नये. दुसऱ्या वर्षी उत्साहाने मी मीठ जवळजवळ शून्यावर आणलं, लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, तीही भर मे महिन्यात. घाम, उन्हातली बागेची कामं. एक दिवस पाय लटपटून खळ्यात पडले आणि सोडियम फार उतरलंय म्हणून तीन दिवस सलाईन लागलं. आईंना बीपीची किंवा अशी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर मीठ घटवण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. दुकानातलं कमी सोडियमचं मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. जे थोडं मीठ घालाल ते आयोडीनवालंच घ्या, मिठागरातलं जाडं नको.

बेगमीचे दिवस आलेच आहेत. यंदा रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, थोडी सालं मिठाशिवाय, फक्त त्यांच्याच रसात बुडवून कडक उन्हात वाळवायला सांगा. ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून अगदी खडखडीत होऊ द्यायची आणि वेगळ्या बरणीत भरायची, झाकणावर आईंचं नाव लिहून. आमच्या घरात अशी माझी बरणी आहे, आणि आता नातवंडंही त्यातलीच सोलं मागतात. भोवळीच्या तारखा आणि आदल्या दोन दिवसांचं जेवण वहीत लिहायला मात्र आजपासूनच लावा. पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या.