रुग्ण दुप्पट, म्हणजे नक्की किती?

अगं, साथीच्या बातम्यांतलं खरं काय आणि आईंना फ्लूची लस कधी द्यायची, असं विचारतेस; पण रोज दहा फॉरवर्ड वाचून डोकं भणाणणारच. आधी ते बंद कर. जानेवारी २०२५ आठवतो ना? एचएमपीव्ही हा सर्दी-खोकल्याचा विषाणू 'नवा' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. अगं, तो २००१ सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता!

'रुग्ण दुप्पट' असं दिसलं की पहिला प्रश्न, तपासण्या किती झाल्या? १०० तपासण्यांत १० आणि ४०० तपासण्यांत २०. रुग्ण दुप्पट, प्रमाण मात्र निम्मं. मी दर सोमवारी वहीत एवढं प्रमाणच टिपते. डब्ल्यूएचओच्या फ्लूनेट या संकेतस्थळावर भारताचे फ्लूचे आकडे मिळतात. प्रीप्रिंट, म्हणजे छापून येण्याआधीच टाकलेला शोधनिबंध, असेल तर तज्ज्ञांनी तपासलेलं नाही असं समजून वाच.

लशीचं म्हणशील, तर डब्ल्यूएचओ फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी लशीत फ्लूच्या विषाणूचे कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू जोर धरतो, तेव्हा आईंच्या डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून घे. लशीच्या खोक्यावरचं सालही बघ. आणि चारऐवजी तीन प्रकारांची लस दिली तर दवाखान्यात भांडू नकोस. बी-यामागाता हा वगळलेला चौथा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. मी भांडले होते, म्हणून सांगतेय.