तव्यावरचे डंपलिंग घरी केले की चिकटतात, फाटतात. खालून कुरकुरीत आणि वरून मऊ कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारी लाटताना मागे सरते, तव्याला चिकटून फाटते, आतलं सारण पाणी-पाणी होतं, आणि घरात स्टीमर नाही, फक्त गॅस आणि तवा आहे. आमच्या नागपूरच्या घरी हा पदार्थ नेहमीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टीमरची गरज अजिबात नाही. आणि तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, पाणी. पिठात ते किती गरम घातलं, सारणात किती मोकळं राहिलं आणि तव्यात कधी ओतलं, एवढं सांभाळलंत की बाकी सगळं जमतं.

आधी पदार्थ कोणता ते ठरवून घेऊ. नागपुरात सदर-धरमपेठेत गाड्यांवर फ्राइड मोमो म्हणून जे मिळतं ते कढईत बुडवून तळलेलं असतं. हॉटेलात पॅन फ्राइड म्हणून बऱ्याचदा वाफवलेले मोमो लाल सॉसमध्ये परतून देतात. तुम्ही विचारताय तो प्रकार वेगळा: फक्त तळाची बाजू भाजलेली, बाकीचा भाग वाफेवर शिजलेला, आणि दोन्ही कामं एकाच भांड्यात. हा मूळचा चीनचा. जपानमध्ये याचा ग्योझा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या लोकांमुळे तो तिथे घरोघर पोचला आणि उत्सुनोमिया हे शहर तर ग्योझासाठीच ओळखलं जातं. त्याची पारी पातळ असते, लसूण सढळ असतो. नेपाळातले कोठे मोमो हेही याच पद्धतीचे. कृती या सगळ्यांना जवळपास सारखीच लागू पडते.

आता पीठ. तुमची पारी मागे सरते याचा अर्थ तुम्ही मैदा गार पाण्याने मळताय. पाण्यात उकळायच्या डंपलिंगना ते ठीक, कारण त्यांना उकळी सोसायची असते. तव्यावरच्यांना उकळतं पाणी लागतं. २५० ग्रॅम मैदा घ्या, चिमूटभर मीठ घाला, त्यावर १०० मिली खळखळ उकळतं पाणी धार धरून ओता आणि चमच्याने ढवळत राहा. पीठ भुरभुरीत गोळ्यांसारखं दिसू लागलं की ४० मिली गार पाणी थोडं थोडं घालत हाताने मळायला घ्या. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो आणि ग्लुटेनचा (मैद्याला रबरासारखी ओढ देणाऱ्या प्रथिनाचा) ताण कमी होतो. उकडीच्या मोदकांसाठी आपण पिठीची उकड काढतो, तसाच हा स्टार्चचा गुण. म्हणून अशी पारी लाटली की लाटलेलीच राहते, आणि भाजल्यावरही वरून मऊ राहते. पाच-सात मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास टाळू नका. मळल्यावर खडबडीत दिसणारा गोळा अर्ध्या तासाने आपोआप तुकतुकीत होतो.

१४० मिली हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा इतकी कोरडी असते की डब्यातला मैदाही सुकलेला असतो, तेव्हा चमचाभर पाणी जास्त लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, चमचाभर कमी. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट, पण बोट दाबलं तर हळूहळू भरून येईल, असा गोळा हवा. आणि उन्हाळ्यात पाऱ्या लाटताना पंखा बंद ठेवा, घाम आला तरी चालेल. वाऱ्याने पारीवर पापुद्रा धरतो, मग कड चिकटत नाही आणि तव्यात तोंड उघडतं. लाट्या आणि लाटलेल्या पाऱ्या, दोन्ही कायम फडक्याखाली.

या पिठाच्या साधारण ३० लाट्या होतात. पारी तीन-साडेतीन इंचांची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. डाव्या हाताने पारी थोडी थोडी फिरवत उजव्या हाताने छोटं लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि मागे आणायचं, मध्य ओलांडायचा नाही. कडेला चुण्या पडल्या की तिथे पीठ दुप्पट होतं, म्हणून ती पातळ हवी. मध्याला तव्याची आच आणि सारणाचं वजन दोन्ही सोसायचं असतं, म्हणून तो जाड हवा. तुमच्या पाऱ्या तळाला फाटतात त्याचं निम्मं कारण इथेच असावं.

सारणाबद्दल मात्र मला बरंच सांगायचंय, कारण बहुतेक घरी इथेच चुकतं. पत्ताकोबी हिवाळ्यातली घ्या. डिसेंबर-जानेवारीत कॉटन मार्केटमध्ये घट्ट, जड, गोडसर गड्डे मिळतात, त्यांची सर उन्हाळ्यातल्या सैल गड्ड्यांना नाही. ४०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरा. किसू नका, किसल्याने लगदा होतो. एक चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात बांधून जोर लावून पिळा. निघालेलं पाणी बघून आश्चर्य वाटेल. हे पाणी आत राहिलं असतं तर ते तव्यावर सुटून पारी आतून भिजवणार आणि फाडणार. मीठ लावलेलंच आहे, तेव्हा सारणात पुन्हा मीठ घालताना चव बघा.

मांसाहारी करणार असाल तर हेच गणित उलटं होतं. चिकनवाल्याकडून मांडीच्या भागाचा खिमा करून घ्या, छातीचा कोरडा पडतो. ३०० ग्रॅम खिम्याला अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा सोया सॉस घालून एकाच दिशेने फेटा. मग तीन-चार मोठे चमचे गार पाणी किंवा चिकनचा गार स्टॉक, एकेक चमचा करत, आधीचा जिरला की पुढचा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होऊन चिकट होतात आणि ते पाणी धरून ठेवतात. खिमा वाटीला चिकटू लागला, चमच्यामागे ओढला जाऊ लागला की झालं. कोबीतून पाणी काढायचं आणि खिम्यात घालायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कोबीचं पाणी मोकळं असतं, खिम्यातलं बांधलेलं. पहिलं पारी भिजवतं, दुसरं चावल्यावर रस म्हणून तोंडात येतं. फेटून झालं की मगच दोन मुठी पिळलेली कोबी, आलं, लसूण, पातीचा कांदा आणि मूठभर बारीक चिरलेला सांबार मिसळा (विदर्भाबाहेरच्यांनी कोथिंबीर समजावं). सारण फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलं तर भरायला सोपं जातं.

शाकाहारी सारणात धरून ठेवणारं काही नसतं, ते आपण द्यायचं. पिळलेली कोबी सगळी, १०० ग्रॅम पनीर हाताने चुरून, एक गाजर किसून-पिळून आणि एक चमचा कॉर्नफ्लोर. मशरूम घालणार असाल तर आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता. चिनी स्वयंपाकातलं गडद तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं; आपल्या घाणीवरचं कच्च्या तिळाचं तेल घालून तो वास येणार नाही. त्याऐवजी चमचाभर तीळ खमंग भाजून कुटून घाला. सावजी मसाला घालू का, असं इथे कुणी ना कुणी विचारतंच. माझं मत, सारणात नको. सावजी मला अतिशय प्रिय आहे, पण त्या खड्या मसाल्यापुढे कोबी-आल्याची चव उरतच नाही. तिखट हवं तर चटणीत आणा.

भरताना एका पारीत चमचाभरच सारण, कडेला अर्धा इंच जागा मोकळी. कडेला तेल किंवा सारण लागलं तर ती कधीच चिकटत नाही. अर्धी दुमडा, मधोमध चिमटा, मग फक्त समोरच्या बाजूला दोन्हीकडे दोन-तीन चुण्या. मागची बाजू सरळ राहते, डंपलिंगला आपोआप बाक येतो आणि ते तळावर बसतं. मिटताना आतली हवा बोटाने बाहेर दाबून काढा, नाहीतर वाफेने फुगून फुटतं. शेवटी पोळपाटावर हलकेच दाबून बूड सपाट करा. जेवढं बूड टेकेल तेवढंच कुरकुरीत होईल. आमच्या सासूबाई मांसाहार करत नाहीत, म्हणून मी शाकाहारी करंजीसारखी मुरड घालून मिटते आणि चिकनच्यांना चुण्या घालते. तवेही वेगळे ठेवते.

तवा सपाट हवा, ही गोष्ट फार महत्त्वाची. पोळीच्या तव्याला मध्ये खोलगट बाक असतो; पाणी मध्ये गोळा होतं, मधले शिजून गळतात आणि कडेचे करपतात. डोशाचा सपाट बिडाचा तवा किंवा जाड बुडाचा फ्राय पॅन घ्या. वर कढई उपडी घातली तरी झाकण म्हणून चालते, फक्त वाफ निसटायला नको. पहिल्यांदाच करताय तर नॉनस्टिक घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बिडाचा तवा चांगला तापवा (नॉनस्टिक रिकामा फार तापवू नका), दोन चमचे तेल पसरवा, डंपलिंग एकमेकांना न टेकता मांडा. मध्यम आचेवर दोन मिनिटं, बूड फिकट सोनेरी होईपर्यंत. मग डंपलिंगच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत येईल इतकं गरम पाणी कडेने ओता आणि लगेच झाकण ठेवा. गार पाण्याने तवा एकदम निवतो आणि पीठ धातूला धरतं. पाणी ओतताना तेल जोरात उडतं, म्हणून झाकण दुसऱ्या हातात तयार ठेवा आणि मुलांना ओट्यापासून लांब करा. शाकाहारी पाच मिनिटं, चिकनचे सात ते आठ मिनिटं. चिकनचं एक फोडून आत गुलाबी काही नाही ना, ते बघाच.

यापुढे कान द्या. झाकणाखाली आधी रटरट आवाज येतो, ते उकळणारं पाणी. पाणी आहे तोवर तव्याचा तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि त्या तापमानाला काही खमंग भाजलं जात नाही. पाणी संपत आलं की आवाज पातळ होतो, चुरचुर सुरू होते. तेव्हा झाकण काढा, कडेने चमचाभर तेल सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. गॅसची ज्योत गोल असल्यामुळे तवा अधूनमधून फिरवा. या वेळी सराट्याने (उलथण्याने) उचलून बघायचा मोह होतो, नेमकं तेव्हाच फाटतं. तळ ओला आहे तोवर तो धातूला धरून असतो. कोरडा, खमंग झाला की स्वतःच सुटतो. तवा हलवून बघा, डंपलिंग घसरले तरच सराटा लावा. मग ताटात उलटे काढा, भाजलेली बाजू वर, म्हणजे ती वाफेने मऊ पडत नाही.

खाली जाळी हवी असेल तर साध्या पाण्याऐवजी एक चमचा मैदा, दहा चमचे पाणी आणि एक चमचा तेल ढवळून ओता. पाणी उडून जातं आणि पिठाची पातळ सोनेरी जाळी सगळ्यांना जोडून ठेवते. हे आधी साधे जमल्यावरच करा.

चटणीला भिवापूरच्या सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवा, दोन टोमॅटो तव्यावर भाजा आणि लसूण, भाजलेले तीळ, मीठ घालून वाटा. सोबत व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये आल्याच्या बारीक काड्या घालून ठेवा; चिकनच्यांना तेच जास्त शोभतं.

उरलेले कच्चेच फ्रीज करा. मैदा भुरभुरलेल्या ताटलीत सुटे मांडून कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. करताना वितळवू नका, वितळले की पारी ओली होऊन पुन्हा तीच चिकटायची तक्रार. सरळ फ्रीजरमधून तेल लावलेल्या तव्यावर ठेवा, पाणी थोडं जास्त घाला आणि झाकणाखाली तीन मिनिटं वाढवा.