मांत्रिकाचं लिंबू आणि वेताळाची अट

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी वाड्यातली पोरं विक्रम-वेताळाचं नाटुकलं करणार आहेत. मांत्रिक लिंबू कापतो आणि रक्त येतं, असा प्रसंग आहे. सुरीला जास्वंद चोळून पाहिली, पण लिंबातून फिकट गुलाबी पाणीच आलं. काय चुकलं? (महाल, नागपूर)

उत्तर : बहुतेक एकदाच चोळून ओल्या सुरीनेच कापलं असेल. जास्वंदीतला रंग आम्लात लाल होतो, पण तो पात्यावर भरपूर असावा लागतो. गडद लाल, एकेरी पाकळ्यांची गावठी फुलं घ्या. एका सुरीला चार-पाच फुलं. चोळा, सावलीत वाळू द्या, पुन्हा चोळा. असे तीन हात. सुरी आधी नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी करा. साबणाचा अंश राहिला तर रंग हिरवट पडतो आणि मांत्रिकाचं हसं होतं.

दुसरी चूक कापण्यात होते. सपकन कापलं तर रस पात्याला लागतच नाही. पातळ सालीचं लिंबू आधी हाताखाली दाबून लोळवा, मग करवतीसारखं सावकाश कापत पात्यावरच पिळा. खाली पांढरं फडकं हवं, काळ्या घोंगडीवर काही दिसणार नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं मिथिल ऑरेंज (आम्लात लाल होणारं रसायन) पात्यावर वाळवलं तर याहून गडद लाल येतं. मात्र ते काम मोठ्यांनी करावं आणि ते लिंबू सरबतात जाऊ देऊ नये.

मागच्या रांगेपर्यंत दिसायला हवं असेल, तर आमची पसंती हळदीला. फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, वर चुन्याची निवळी शिंपडा. लाल डाग उमटतात. निवळी डोळ्यांत उडाली तर आग होते, म्हणून शिंपडणाराही मोठाच हवा.

प्रश्न : माझ्या कथेतला मांत्रिक सगळंच करू शकतो, तरी वाचक म्हणतात रंगत नाही. (धंतोली, नागपूर)

उत्तर : सगळंच करू शकतो म्हणूनच. त्याला एक अट घाला. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (11वं शतक) राजा तोंड उघडतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. उत्तर ठाऊक असून बोललं नाही, तर डोकं फुटणार. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि तिथेच सुटतो. राजाला वेताळ आणायला पाठवणारा कपटी भिक्षू मरतो तोही नुसत्या तलवारीच्या जोरावर नाही. राजा म्हणतो, ‘साष्टांग नमस्कार कसा घालायचा, ते आधी तुम्हीच दाखवा.’ भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचं डोकं उडवतो. तुमच्या मांत्रिकालाही अशी एक फट ठेवा आणि ती पहिल्या दोन पानांत वाचकाला दिसू द्या.

प्रश्न : रंगमंचावर असे ‘चमत्कार’ दाखवले तर जादूटोणाविरोधी कायदा लागतो का? (सदर, नागपूर)

उत्तर : 2013 चा तो कायदा चमत्काराच्या नावाखाली पैसा कमावणाऱ्या, लोकांना फसवणाऱ्या आणि धाकात ठेवणाऱ्यांसाठी आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोरांच्या नाटकाला धास्ती नको. पडदा पडल्यावर सुरी प्रेक्षकांत फिरवा, जास्वंदीचा डाग त्यांनाच पाहू द्या.