पिक्टोग्रॅमला ‘चित्रलिपी’ म्हणावं का?

कर्नाटकातल्या सीमाभागातल्या निपाणीहून विचारणा आहे: वाचनालयासाठी पाट्या करून घ्यायच्या आहेत, तर पिक्टोग्रॅमला, म्हणजे शब्दांऐवजी चित्राने सांगणाऱ्या खुणेला, मराठीत ‘चित्रलिपी’ लिहिलं तर चालेल का? आणि सिगारेटवर लाल पट्टा असलेल्या पाटीला ‘निषेधचिन्ह’ म्हणायचं का?

दोन्ही नकोत. चित्रलिपी ही लिपी आहे. तिच्यात चित्रांमागून चित्रं मांडून मजकूर लिहितात. स्वच्छतागृहाच्या दारावरची आकृती किंवा पाण्याच्या नळाचं चित्र एकटंच असतं, त्याला ‘चित्रचिन्ह’ म्हणा. नुसतं ‘चिन्ह’ सैल पडतं, कारण बाणही चिन्हच, पण त्यात कसलं चित्र नाही. पार्किंगचा ‘पी’ तर सरळ अक्षर. कन्नडमध्ये ‘चिह्ने’ आणि ‘नामफलक’ रुळलेले आहेत, त्यामुळे चिकोडी-अथणीकडच्या पेंटरशी बोलतानाही अडत नाही. ‘फलक’ कोटेशनपुरता ठेवा. तोंडी ‘पाटी’ नाहीतर ‘बोर्ड’च चालतो.

‘निषेध’ मात्र घोळ करतो. कन्नड-हिंदीत त्याचा अर्थ मनाई. मराठीत निषेध काळी फीत लावून करतात, आणि सीमाभागात तो अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही! म्हणून ‘धूम्रपान निषेध’ ही पाटी मराठी माणसाला घोषणेसारखी वाटते. ‘निषिद्ध’ चालतं, ‘धूम्रपानास मनाई’ त्याहून बरं. चिन्हाला ‘मनाईचं चिन्ह’ म्हणावं.

आता या पाटीचं माप. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाबाबतच्या 2008 च्या नियमांत ते दिलेलं आहे: पांढरी पाटी किमान 60 बाय 30 सेंटीमीटर, वर्तुळाचा बाहेरचा व्यास किमान 15, लाल कडं किमान 3 सेंटीमीटर रुंद, आत काळ्या धुराची सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावरून कड्याइतकाच रुंद लाल पट्टा. शिवाय इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, हा इशारा इंग्रजीत किंवा एका भारतीय भाषेत.

किमान माप घेतलं तर दोन्ही बाजूंचं कडं वजा जाता चित्राला 9 सेंटीमीटरच उरतात. तेवढ्यात धुराच्या केसासारख्या रेघा काढल्या तर चार हातांवरून दिसत नाहीत; एकच जाड वळण पुरे. निपाणी तंबाखूचं गाव, तिथे बिडीच काढावी, पण बांधलेला दोरा ठळक हवा, नाहीतर लांबून ती मिरची वाटते. डीटीपीवाले पट्टा हमखास बारीक ठेवतात किंवा बिडीच्या मागून नेतात. तो वरूनच गेला पाहिजे.

उन्हाच्या भिंतीवर फ्लेक्स लावू नका. त्यातला लाल रंग काळ्याच्या आधी उडतो. कडं आणि पट्टा फिके पडून काळी बिडी तेवढी उरते आणि ‘इथे ओढा’ असा उलटाच अर्थ निघतो. पत्र्यावर ऑइलपेंटने करून घ्या, म्हणजे लाल फिका पडला की तेवढाच पुन्हा मारता येतो.