गुड-लुकिंगमधे जोर कुठे द्यायचा?

प्रश्न : मॅडम, गुड-लुकिंग हा शब्द मी दोन शिक्षकांकडून दोन तऱ्हांनी ऐकलाय, एक जण 'गुड'वर जोर देतात, दुसरे 'लुक'वर. बरोबर कोण? आणि ब्लू-आइडमधे डोळ्याला भूतकाळाचा प्रत्यय कसा काय लागला? त्यात सिलॅबल किती?

उत्तर : दोघंही बरोबर असणार, त्यांनी तो शब्द कुठल्या वाक्यात म्हटला ते आठवून बघा. 'ही इज व्हेरी गुड-लुकिंग' असं वाक्य तिथेच संपलं तर मुख्य जोर 'लुक'वर येतो. पण पुढे लगेच नाम आलं, 'अ गुड-लुकिंग मॅन', की 'मॅन'ला पण जोर हवा असतो, आणि दोन मोठे ठोके इतक्या जवळ आलेले इंग्रजीला आवडत नाहीत, मग आधीचा ठोका मागे सरकून 'गुड'वर जाऊन बसतो. थर्टीनचंही हेच, एकटा म्हटलात तर 'टीन'वर जोर, 'थर्टीन बॉइज' म्हटलं की 'थर'वर. मराठीत जोर बदलला म्हणून कुणी अडखळत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हे पटकन जाणवतच नाही, पण मला विचाराल तर स्पेलिंगपेक्षा आधी हे शिकवायला हवं.

टाइम-कन्झ्यूमिंग, माउथ-वॉटरिंग असले शब्द मात्र हलत नाहीत, त्यांचा जोर कायम पहिल्या शब्दावर, नाम पुढे असो नसो.

आता ब्लू-आइड. तो भूतकाळ नाहीच हो! तो 'ड' एकट्या 'आय'ला लागलेला नाही, 'ब्लू आय' या अख्ख्या जोडीला लागलाय, अर्थ 'निळे डोळे असलेला'. आपला नीलकंठ आठवा, निळा आहे कंठ ज्याचा तो, सरळ बहुव्रीही! म्हणून ब्लू आणि आइड असे तुकडे पाडून अर्थ लावायला गेलात की गोंधळ होतो.

सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा तुकडा, ते मोजताना अक्षरं बघू नका, स्वर ऐका. ब्लू-आइडमधे दोनच. ओल्ड-फॅशन्डमधे तीन, बरेच जण 'फॅशनेड' म्हणून चार करतात ते चूक. काइंड-हार्टेडमधे पण तीन, कारण 'हार्ट'च्या शेवटी 'ट' आहे, आणि ट किंवा ड नंतर आलेल्या 'ed' या प्रत्ययाचा वेगळा सिलॅबल होतो. एरवी होत नाही, नेकेड-विकेडसारखे थोडे जुने शब्द तेवढे अपवाद.