देवाने मला राखले, ते कशासाठी?

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे मला रुग्णालयात दाखल केले होते आणि डॉक्टरांनी घरच्यांना मनाची तयारी ठेवायला सांगितले होते. शेजारच्या खाटेवर दोन लेकरांची आई होती. तिला धाप लागून बोलवत नसे, म्हणून तिच्या मोबाईलवर तिच्या मुलीशी मीच बोलत असे. ती गेली आणि मी घरी आले. तेव्हापासून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सगळे म्हणतात, ‘देवाने तुला काहीतरी मोठ्या कामासाठी राखले आहे.’ ते काम कोणते, हे मी उपास-प्रार्थना करून विचारते, पण उत्तर मिळत नाही. त्या लेकरांची आठवण आली की आपण वाचलो याचीच लाज वाटते आणि रात्र-रात्र झोप लागत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, मंडळीतील माणसे जे म्हणतात ते प्रेमापोटीच म्हणतात, तरीही ते वाक्य तुमच्या मनावर ओझे होऊन बसले आहे, आणि त्याचे कारण मला दिसते. देवाने तुम्हाला कामासाठी राखले असे म्हटले, की जी गेली तिच्यासाठी देवाकडे काम नव्हते असा अर्थ आपोआप निघतो, आणि तिचा श्वास ज्यांनी शेजारून ऐकला त्यांना तो मानवत नाही. तो मानवू नये, असेच मीही म्हणेन.

पवित्र शास्त्र असा हिशेब मांडत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा 12 वा अध्याय सावकाश वाचा. हेरोद राजाने याकोबाला तरवारीने मारले आणि त्याच हेरोदाच्या तुरुंगातून पेत्राला देवदूताने बाहेर काढले. दोघेही प्रभूच्या अगदी जवळचे शिष्य होते. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करीत होती. याकोबासाठी तिने प्रार्थना केली नसेल, असे मानायला काहीही आधार नाही. एक का गेला आणि दुसरा का वाचला, याचे स्पष्टीकरण हे पुस्तक लिहिणारा लूक एका शब्दानेही देत नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच काढला आणि ‘नाही’ असे स्वतःच उत्तर दिले. जे देवाने सांगितले नाही ते आपण त्याच्या नावाने सांगू नये, आणि ते कोणी आपल्याला सांगितलेच तर ते देवाचे वचन म्हणून मनात धरू नये.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाचे तारू (जहाज) फुटले आणि त्यावरील सर्व 276 माणसे मिलिता (आजचे माल्टा) बेटाच्या किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता, थंडी होती. देवाच्या दूताने पौलाला आधीच सांगितले होते, की तुला कैसरापुढे, म्हणजे रोमच्या सम्राटापुढे, उभे राहायचे आहे. म्हणजे आपण कशासाठी वाचलो हे ठाऊक असलेला तो विरळा माणूस. तरीही किनाऱ्यावर आल्यावर तो काय करताना दिसतो? काटक्या गोळा करून शेकोटीवर घालताना. त्या काटक्यांतून साप निघून त्याच्या हाताला डसला, तेव्हा बेटावरचे लोक म्हणाले, हा खुनी असला पाहिजे. आणि त्याला काहीच झाले नाही हे पाहून तेच लोक म्हणू लागले, हा कोणी देव आहे. दोन्ही वेळा त्यांनी एका माणसाच्या जगण्या-मरण्यावरून देवाचा हेतू ठरवला आणि दोन्ही वेळा ते चुकले. पौलाने मात्र तेथील आजाऱ्यांना बरे केले आणि तीन महिने तो त्या बेटावर राहिला.

आपल्याच मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदासदन ही शाळा काढली. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नावाचून, आसऱ्यावाचून राहिलेल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. स्वतःचा दुष्काळ आणि त्या मुलींचा दुष्काळ यांच्या मध्ये वीसएक वर्षे गेली, आणि ती वर्षे त्यांनी उत्तराची वाट पाहत रिकामी घालवली नाहीत. त्या शिकल्या, शिकवत राहिल्या, लेकीला वाढवले. उपासमार म्हणजे काय हे देहाने जाणणारी बाई त्या मुलींपुढे उभी राहिली, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा मोठी वाटते.

तुम्हीही काही जाणता, जे इतरांना ठाऊक नाही. त्या मुलीच्या आईचे शेवटचे दिवस तुम्ही पाहिले आहेत. तिच्या घरच्यांना कदाचित आतही येऊ दिले नसेल. त्या घराचा ठावठिकाणा मिळत असेल तर आधी त्या मुलीच्या वडिलांशी बोला, आणि त्यांची व लेकरांची इच्छा असेल तरच भेटा. देवाची योजना समजावून सांगायला जाऊ नका. आईचे ते दिवस कसे गेले, एवढे त्यांनी विचारले तर सांगा. एक पालक गमावलेल्या मुलांना राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा साहाय्य मिळू शकते. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे जमवताना एकट्या बापाची किती ओढाताण होते, हे तुम्ही शिक्षिका म्हणून पाहिलेच असेल. तुमच्या शाळेतही अशी लेकरे असतील. ‘मोठे काम’ या शब्दांत हे बसत नाही म्हणून तुम्ही त्याकडे उत्तर म्हणून पाहिले नसेल, असे मला वाटते.

झोपेविषयी : आपण वाचलो याची लाज वाटणे हे अविश्वासाचे लक्षण नाही; मोठ्या संकटातून वाचलेल्या अनेकांना असे होते आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. प्रवास अवघड असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. उपासही तूर्त थांबवा.

नोकरी सोडण्याविषयी मी स्पष्ट ‘नाही’ म्हणतो, निदान आता नाही. गरसेकरांच्या प्रांतात प्रभूने ज्याला भूतबाधेतून सोडवले, तो मनुष्य मचव्यात चढू लागलेल्या येशूला आपल्यालाही बरोबर नेण्याची विनंती करू लागला. प्रभूने त्याला आपल्या घरी, स्वकीयांकडे परत पाठवले. पूर्णवेळ सेवेचे पाचारण खरोखर असेल, तर ते झोप लागू लागल्यावर आणि मनातली लाज ओसरल्यावरही टिकून राहील. तेव्हा पाळकांशी आणि घरच्यांशी बोलून निर्णय घ्या. भीतीपोटी किंवा कर्ज फेडल्यासारखा दिलेला राजीनामा देव तुमच्याकडून मागत नाही.